गवयापासून रानपिंगळ्यापर्यंत : चित्रावरून ओळखण्याचा इतिहास

सुरुवातीलाच एक कबुली देतो. तीसएक वर्षे मी वर्गात 'गवय' शिकवला आणि तोपर्यंत गवय पाहिलेला नव्हता. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी इथे असतील तर त्यांना हसू येईल, कारण न्यायदर्शनातल्या उपमान प्रमाणाचे उदाहरण म्हणजे गवय, हे ठरलेलेच. शहरातल्या एका माणसाला रानातला माणूस सांगतो, "गवय म्हणून एक जनावर असते, गायीसारखे दिसते." पुढे हा शहरी माणूस रानात जातो, त्याला गायीसारखे पण गाय नसलेले एक जनावर दिसते, ऐकलेले वाक्य आठवते आणि तो म्हणतो, "अच्छा, हाच तो गवय." परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न. मीही तो तसाच शिकवला, मुलांनीही तसाच लिहिला.

निवृत्त झाल्यावर टेकडीवर फिरणाऱ्या मंडळींच्या नादी लागलो. फुलांचे, पाखरांचे, किड्यांचे फोटो काढायचे, एकमेकांना दाखवायचे आणि 'हे काय आहे' यावर तासन्‌तास वाद घालायचा, असा तो नाद. त्यात पहिल्या दोन-तीन महिन्यांतच माझ्या लक्षात आले की आपण जे करतोय ते म्हणजे गवयच आहे. एक जण म्हणतो, "अमक्यासारखे दिसतेय." दुसरा म्हणतो, "सारखे आहे, पण ते नव्हे." आणि तिसरा, ज्याने ते रानात पाहिलेले आहे, तो शांतपणे नाव सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रश्न जसाच्या तसा समोर उभा. तेव्हा आजच्या व्याख्यानात मी या ओळखण्याचा इतिहास सांगणार आहे. सगळा नव्हे, तेवढा वेळही नाही. जिथे गोष्ट अडते तिथे जास्त थांबेन.

उपमानाचे फक्त गवयाचेच उदाहरण आहे असा माझाही समज होता. पण वात्स्यायनाचे न्यायभाष्य पुन्हा काढून वाचले तेव्हा लक्षात आले की त्याने तिथे वनस्पती दिल्या आहेत! तो म्हणतो, समजा कुणी सांगितले की मुगासारखी असते ती मुद्गपर्णी आणि उडदासारखी असते ती माषपर्णी. हे ऐकलेला माणूस रानात जातो, साम्यावरून ती वनस्पती ओळखतो आणि औषधासाठी घेऊन येतो. म्हणजे आपले रानमूग आणि रानउडीद. 'औषधासाठी' हा शब्द मी इतकी वर्षे ओलांडून पुढे गेलो होतो. तो शब्द तिथे उगाच नाही. ओळख चुकली तर काढा चुकतो, आणि काढा चुकला तर माणूस जातो. ज्ञानमीमांसा म्हणून जे आपण फळ्यावर मांडतो, त्याच्या मुळाशी एक वैदू टोपली घेऊन उभा आहे.

चरकसंहितेत याचीच दुसरी बाजू आहे. सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात असा आशय येतो की रानातल्या औषधी नावाने आणि रूपाने ओळखतात ते शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी. पण लगेच पुढे हेही आहे की नुसते नाव कळल्याने किंवा नुसते रूप कळल्याने तिचा उपयोग कळला असे होत नाही. बघा, ग्रंथकार वैद्य आहे, विद्वान आहे, आणि तो मोकळेपणाने सांगतो की ओळखीचे काम गुराख्याचे आहे. हा मान पुढच्या ग्रंथांत किती टिकला हा वेगळा विषय आहे. त्यावर मी आज बोलत नाही, नाहीतर तासभर त्यातच जाईल.

न्यायवाल्यांकडून आणखी एक हत्यार घेऊ, पुढे लागणार आहे. लक्षण कसे करावे, आणि लक्षणाचे दोष कोणते. तीन दोष. गाय म्हणजे काय? कुणी म्हणाले, "तपकिरी ती गाय." मग पांढरी गाय सुटली. ही अव्याप्ती. कुणी म्हणाले, "शिंगे असलेली ती गाय." मग म्हैसही आत आली. ही अतिव्याप्ती. कुणी म्हणाले, "एकसंध खुराची ती गाय." अशी गायच नाही. हा असंभव. शेवटी गळ्याखालची पोळी हे लक्षण धरले. हे सगळे आपल्याला पोपटासारखे पाठ असते. पण पावसाळी दुपारी फोनवर एक धूसर फोटो येतो आणि पलीकडून विचारतात, "काका, हा कुठला साप?" तेव्हा हेच तीन दोष दारात येऊन उभे राहतात. तो प्रसंग मी नंतर सांगतो.

आता जरा झपाट्याने सतराव्या शतकात येऊ. कोचीनला डच सत्ता होती आणि हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड तिथला प्रमुख होता. मलबारच्या वनस्पतींचा ग्रंथ करायचे त्याने मनावर घेतले. तोच 'हॉर्टस मलबारिकस'. १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला, सातशेहून जास्त वनस्पती, ताम्रपटावरून छापलेली मोठमोठी चित्रे. यात आपला थेट संबंध आहे, बरं का. इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य या कामात होता, आणि त्याच्याबरोबर तीन कोकणी वैद्य होते : रंगभट्ट, विनायक पंडित आणि अप्पूभट्ट. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याकडून खाली कोचीनला गेलेल्या समाजातली ही माणसे. पहिल्या खंडात त्यांचे प्रशस्तिपत्र आहे, १६७५ सालचे, कोकणीत आणि नागरी लिपीत. आम्ही हे काम कसे केले, निघंटू कसा चाळला, माणसे पाठवून झाडे कशी आणवली, असे त्यात सांगितले आहे. प्रत्येक चित्रावर झाडाचे नाव रोमन, मलयाळम, अरबी आणि नागरी अशा चार लिप्यांत. एकच झाड आणि चार दारे. ज्याला जे दार उघडेल त्याने त्यातून आत यावे.

पुढची गंमत अशी की १७५३ साली लिनियसने वनस्पतींना दोन शब्दी नावे द्यायची पद्धत रूढ केली तेव्हा भारतातल्या कितीतरी झाडांसाठी त्याच्याकडे वाळवलेला नमुना नव्हता. तो इकडे कधी आलाच नाही. त्याच्यासमोर होती ती ऱ्हीडची चित्रे. म्हणजे आपल्या अंगणातल्या काही झाडांची शास्त्रीय नावे झाड न पाहता, चित्र पाहून ठेवलेली आहेत. आणि काही नावांच्या बाबतीत आजही वाद झाला की शास्त्रज्ञ त्या चित्राकडेच जातात, कारण नावाचा आधार म्हणून ते चित्रच मान्य झालेले आहे. मला हे पहिल्यांदा कळले तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो. चित्र हा पुरावा आहे की पुराव्याची आठवण आहे? फोटोवरून ओळखणाऱ्या आपल्यासारख्या हौशी मंडळींना लोक नाके मुरडतात, "नुसत्या फोटोवरून काय कळतंय!" त्यांना सांगावे की लिनियसचेही तेच चालले होते.

एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट वाइटने मद्रासकडे दोन हजारांहून अधिक चित्रपट छापले. ते काढणारे चित्रकार होते रंगय्या आणि गोविंदू. वाइटने एका ऑर्किडच्या वंशाला 'गोविंदूइया' असे नाव दिले. ते नाव पुढे टिकले नाही, पण एका साहेबाने देशी चित्रकाराचे नाव झाडाला द्यावे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आपल्या मुंबई इलाख्यात मात्र उलटे झाले. डॅलझेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ साली आला, आणि नंतर थिओडोर कुक यांचा दोन खंडी ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात. हे कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. या ग्रंथांत वर्णने आहेत, चित्रे नाहीत. ओळखायचे कसे? पायरी पायरीने. पाने समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असतील तर इकडे जा. पुंकेसर चार की दोन? चार असतील तर तिकडे. एकही पायरी चुकलात की भलत्याच घरात शिरलात. आमच्यातले एक जाणते गृहस्थ अजूनही कुकच्या जोरावर फोटो ओळखतात आणि आम्हाला दटावतात, "फूल सुंदर आहे हे मला दिसतंय. पान देठाला कसं चिकटलंय ते दिसत नाही. जा, परत काढून आणा." फोटो काढणारा फुलावर जीव टाकतो आणि ओळखणाऱ्याला पानाची मागची बाजू हवी असते. हे भांडण सनातन आहे. फोटोत वासही येत नाही, चीक आहे की नाही ते कळत नाही, पान चुरगळून पाहता येत नाही. करवंद आणि त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काही, यातला फरक गुराखी चीक पाहून करतो. आपल्या हातात फक्त डोळा उरला आहे.

पक्ष्यांकडे वळतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो मारायचा. सलीम अलींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १९०८ साली, लहान असताना, त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची चिमणी म्हणून ओळखली आणि कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी या मुलाला दाखवले. ओळख म्हणजे हातातला पक्षी खणातल्या पक्ष्याशेजारी ठेवणे. १९४१ साली त्याच सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' आले, रंगीत चित्रांसह, आणि मारल्याशिवाय ओळखायची सवय सामान्य माणसाला लागली. मराठीत मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' आल्यावर नावांचा मोठा खजिना हाती आला. एकाच पक्ष्याला भंडाऱ्यात एक नाव, कोकणात दुसरे, पारध्यांच्या बोलीत तिसरे. ही नावे गोळा करणे हेही ओळखणेच आहे.

आता मी ज्याच्यासाठी आज बोलायला उभा राहिलो त्या पाखराकडे येतो. रानपिंगळा.

आपला साधा पिंगळा सगळ्यांना माहीत आहे. गावातल्या जुन्या आंब्याच्या ढोलीत, संध्याकाळ झाली की चिरचिरत भांडणारा, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला, मूठभर घुबडाचा भाऊ. रानपिंगळा त्याच्याच आकाराचा. १८७२ साली ब्लेविट नावाच्या माणसाने आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात एक पक्षी मिळवला, आणि १८७३ साली ए. ओ. ह्यूम यांनी त्याचे वर्णन करून ब्लेविटच्या नावावरून त्याचे नाव ठेवले. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत असलेले तेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात, शहादे-तळोद्याच्या रानात, आणखी काही नमुने मिळवले. शेवटचा १८८४ चा. जगातल्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने. आणि मग हा पक्षी गायब.

गायब म्हणजे पूर्ण गायब नव्हे. अधूनमधून कुणीतरी म्हणायचे, "मला दिसला." काही फोटोही पुढे आले. इथे फोटोची गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्या फोटोंतला पक्षी नंतर नीट तपासला तेव्हा तो साधा पिंगळा निघाला. का फसले लोक? रानपिंगळ्याचे जे लक्षण तोंडोतोंडी होते ते साधारण असे : "डोक्यावर ठिपके नसतात." आता दुपारच्या उन्हात, पिसे झिजलेल्या पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके फोटोत उडून जातात. उलट खऱ्या रानपिंगळ्याच्या डोक्यावरही अगदी फिकट, बारीक ठिपके असू शकतात. म्हणजे एकाच लक्षणात अतिव्याप्ती आणि अव्याप्ती, दोन्ही! न्यायाचा विद्यार्थी असता तर म्हणाला असता, हे लक्षणच टाकून द्या.

आणि मग याहून वाईट प्रकार. रिचर्ड माइनरट्झहागेन हे ब्रिटिश सैन्यातले अधिकारी, पक्षितज्ज्ञ म्हणून मोठे नाव. त्यांच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता, त्यावर चिठ्ठी : १९१४, मांडवी, म्हणजे गुजरातेत तापीकाठची. हा सगळ्यांत अलीकडचा नमुना असल्यामुळे शोधणाऱ्यांचे लक्ष साहजिकच तिकडे जायचे. काही मिळायचे नाही. स्मिथसोनियनमध्ये काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांनी या संग्रहाची कसून तपासणी केली, पेंढा भरण्याची पद्धत पाहिली, टाके पाहिले, आणि दाखवून दिले की हा नमुना डेव्हिडसननेच एकोणिसाव्या शतकात मिळवलेला, संग्रहालयातून चोरलेला आणि पुन्हा शिवून खोटी चिठ्ठी लावलेला आहे. मांडवीला तो पक्षी मिळालाच नव्हता! एका चिठ्ठीने लोकांना भलत्या रानात फिरवले.

इथे एक क्षण थांबतो. आपल्या परंपरेत शब्द हे प्रमाण मानले आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला विषय माहीत आहे आणि जो खोटे बोलत नाही तो. माइनरट्झहागेनला विषय उत्तम माहीत होता. अर्धाच आप्त होता तो, आणि अर्धा आप्त हा अडाण्यापेक्षा जास्त नुकसान करतो. अडाण्याचे कुणी ऐकत नाही.

खोटी चिठ्ठी बाजूला केल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी जुन्या खऱ्या जागा शोधायचे ठरवले. आधी पूर्वेकडे गेले, तिथे काही सापडले नाही. मग डेव्हिडसनच्या खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७. शहाद्याजवळ, सकाळची वेळ. बेन किंग यांना एका उघड्याबोडक्या झाडावर एक घुबड बसलेले दिसले, भर उजेडात. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. ओळखायचे कशावरून? डोक्यावरचे ठिपके या एका गोष्टीवर आता कुणी विसंबणार नव्हते. संग्रहालयातले नमुने शेजारी शेजारी ठेवून लक्षणांची यादी आधीच तयार झाली होती. चोच आणि डोके अंगाच्या मानाने मोठे. पायांवर दाट पांढरी पिसे. पंख आणि शेपटी यांवर ठळक, रुंद पट्टे. छाती गडद, पोट पांढरे. आणि साधा पिंगळा बहुतकरून ढोलीत झोपलेला असतो अशा वेळी हा उघड्यावर बसलेला. एकेक लक्षण जुळत गेले. त्यांनी त्याचे चित्रीकरण केले, फोटो घेतले. ११३ वर्षांनी.

माझ्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट दिसण्यात नाही. दिसला तर तो शहाद्याच्या, तोरणमाळच्या पावरा-भिल्ल माणसांना रोज दिसत असणार. तो कधी हरवलाच नव्हता, हरवली होती ती नाव आणि रूप यांची सांगड. न्यायाच्या भाषेत संज्ञा आणि संज्ञी यांचा संबंध. शंभर वर्षे संज्ञा लंडनच्या कपाटात होती आणि संज्ञी खानदेशातल्या सागाच्या झाडावर.

त्यानंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पाहणी केली आणि मेळघाटातही रानपिंगळा नक्की झाला. मध्य प्रदेशातही सापडत गेला. २०१४ साली तर मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसा अभयारण्यात तो दिसला. विचार करा, नव्वद-शंभर किलोमीटरवर लोकलने ये-जा करणारी लाखो माणसे आणि कुणालाच पत्ता नाही! आता एखाद्याने असा फोटो आणला तर ओळखणारे लगेच पट्टे बघतात, पाय बघतात, पोट बघतात. १९९७ नंतर डोळे बदलले.

वाघाबद्दल दोनच वाक्ये. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी १९२० च्या दशकात तारेला पाय लागला की फोटो निघेल अशी सोय करून रात्री वाघांचे फोटो काढले, आणि पट्ट्यांवरून वेगवेगळे वाघ ओळखता येतात हे त्यांच्या लक्षात आले. ती जाणीव मोजणीच्या शास्त्रात उतरायला १९९० चे दशक उजाडले, उल्हास कारंथ यांचे नागरहोळेचे काम. त्यानंतरही आपण पायाच्या ठशांवर वाघ मोजत राहिलो, आणि सरिस्कात वाघ संपले तरी कागदावर जिवंत होते.

आता तो सापाचा प्रसंग. सात-आठ वर्षांपूर्वीचा, जुन्नरकडच्या माझ्या एका नातेवाइकाच्या मळ्यातला. रात्री नऊच्या सुमाराला फोटो आला, पाठोपाठ फोन. पडवीत साप, काळसर, अंगावर पांढरे आडवे पट्टे. "काका, मण्यार का?" फोटो हललेला, बॅटरीच्या उजेडात काढलेला. मी चष्मा वर-खाली केला आणि म्हणालो, "मण्यारच दिसतोय, लांब राहा." लांब राहा हे बरोबर होते. 'मण्यारच' हे चूक होते. 'च' फार वाईट. दहा मिनिटांनी पुन्हा फोन : मारला. दुसऱ्या दिवशी उजेडात काढलेला फोटो मी आमच्यातल्या सर्पमित्राला दाखवला. तो बघून म्हणाला, "सर, कवड्या आहे." बिनविषारी, पाली खाणारा.

त्याने मला समजावले ते सांगतो, कारण हे ऐकून कुणाच्या तरी पडवीतला साप वाचेल. मण्यारचे पट्टे मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात, बहुधा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्याचे उलट : मानेजवळ ठळक, शेपटीकडे पुसट. मण्यारच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग असते, कवड्याला नसते. पण ही रांग बघायला जवळ जावे लागते, आणि जवळ जायचे नाही! म्हणून हे फोटोवरच बघायचे, आणि फोटो लांबून, झूम करून. 'काळा आणि पट्टेवाला तो मण्यार', हे माझे लक्षण होते. अतिव्याप्ती. वर्गात मी शिंगे असलेल्या म्हशीवर विनोद करायचो, आणि इथे माझ्या म्हशीने एक जीव घेतला.

मग उलट प्रश्न येतो, आणि मला तो विचारलाही गेला : "सर, तुम्ही कवड्या म्हणाला असता आणि तो मण्यार निघाला असता तर?" अगदी बरोबर. मण्यार रात्री फिरतो, त्याचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, आणि झोपलेला माणूस सकाळपर्यंत हाताबाहेर जातो. दोन चुकांचे वजन सारखे नाही. म्हणून आम्ही मंडळींनी आपापसात ठरवले आहे : साप घरात असेल तर नाव सांगायच्या आधी सर्पमित्राचा नंबर सांगायचा. आणि चावला असेल तर नावाच्या भानगडीत पडायचेच नाही, सरळ दवाखाना. आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर मिळून चालते आणि डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. साप ओळखायला, पकडायला, मारून पिशवीतून न्यायला जो वेळ जातो तो रोग्याचा वेळ असतो.

हाच नियम खाण्याच्या बाबतीत. "ही रानभाजी आहे का?" असा फोटो आला की मी उत्तर देत नाही, मग कितीही खात्री असो. कळलावीचे फूल फोटोवरून लहान मूलही ओळखेल, तांबडे-पिवळे, जाळासारखे. पण तिचा कंद खणून ठेवला आणि फोटो पाठवला तर तो खायच्या कंदासारखा दिसतो, आणि तो जहाल विषारी आहे. वात्स्यायनाच्या माणसाला मुद्गपर्णी 'मुगासारखी' एवढे पुरले, कारण सांगणारा रानातला होता आणि आणणारा स्वतः झाड बघत होता. फोटोत दोन्ही गळून पडतात.

अलीकडे फोनमधले अ‍ॅप नाव सांगते. मी वापरतो, लाजण्यासारखे काही नाही. पुष्कळदा बरोबर सांगते. माझी तक्रार एवढीच की ते कारण सांगत नाही. आमचा कुकवाला गृहस्थ चुकला तर का चुकला ते दाखवता येते, वाद घालता येतो, तो चिडतो आणि दुसऱ्या दिवशी मान्य करतो. अ‍ॅपशी कसले भांडायचे?

एक शेवटचा मुद्दा, तो जागेचा. पठारावर आमच्यातल्या एकीला एक कंदीलपुष्प सापडले, सह्याद्रीबाहेर न मिळणारे. तिने फोटो पुष्कळांना पाठवला, सोबत जागाही. पुढच्या पावसाळ्यात आम्ही गेलो तर तिथे खड्डे होते. कुणी नेले माहीत नाही. घरच्या कुंडीत लावायला नेले असेल, कुंडीत ते जगलेही नसेल. तेव्हापासून आमच्यात दुर्मिळ गोष्टीचा तालुकासुद्धा सांगायचा नाही अशी शिस्त आहे. अभ्यासकाला सांगायचा, तोंडी. रानपिंगळ्याच्या घरट्याबद्दलही हेच. इतिहासाच्या दृष्टीने ही मोठी विचित्र अवस्था आहे : डेव्हिडसनने जागा लिहून ठेवली म्हणून पक्षी सापडला, माइनरट्झहागेनने खोटी लिहिली म्हणून शोध भरकटला, आणि आम्ही खरी जागा माहीत असून लपवतो. बरोबर करतो का? मला अजून ठरवता आलेले नाही. श्रोत्यांपैकी कुणाचे मत असेल तर ऐकायला आवडेल.

आणि हो, गवय. निवृत्तीनंतर दाजीपूरला गेलो तेव्हा धुक्यात एक कळप दिसला. मराठीतला 'गवा' हा शब्द गवयावरूनच आला असे भाषेचे अभ्यासक मानतात. शास्त्रातला गवय म्हणजे हाच की नीलगाय, यावर मात्र विद्वानांचे वाद आहेत. समोर ते प्रचंड काळे धूड उभे. खरे सांगू का, ते मला गायीसारखे अजिबात वाटले नाही. पाठीवरचा उंचवटा, शिंगांची ठेवण, सगळेच वेगळे. मी ओळखला तो पायांवरून. चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. आणि ते मोजे मी कुठल्याही भाष्यात वाचले नव्हते, आमच्या टेकडीवरच्या एका कॉलेजच्या पोराने मला फोटोत बोट ठेवून दाखवले होते.